वानर असं का वागतं?

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या लवूळचं नाव अचानक जगभर झालं. माजलगाव तालुक्यातलं हे गाव. तिथली वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, माळवदांवर नेत होती आणि वर गेलेली पिल्लं जिवंत खाली येत नव्हती. कुठे ८० पिल्लांचा आकडा छापून आला, कुठे २५०चा. परदेशी वाहिन्यांनी तर त्याला वानर आणि कुत्र्यांचं 'गँगवॉर' करून टाकलं. कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं, म्हणून वानरांनी सूड उगवला, अशी ती गोष्ट. पुढे वन विभागाच्या नागपूरहून आलेल्या पथकाने दोन वानरं पकडून नेली आणि बातमी संपली.

मी तेव्हा लातूरला प्राणिशास्त्र शिकवत होतो. त्या आठवड्यात वर्गात पाऊल टाकलं की मुलं मोबाइल पुढे धरायची आणि विचारायची, "सर, वानर खरंच सूड घेतं का?" प्रश्न अगदी बरोबर होता. 'अफवा आहे रे' म्हणून तो झटकून टाकणं मला पटेना, कारण पिल्लं मेलेली होती हे खरं होतं. आणि 'हो, घेतं' म्हणणंही पटेना. सूड म्हटलं की मारण्याचा हेतू आला. पूर्ण वाढलेल्या हुप्प्याचे सुळे ज्याने जवळून पाहिलेत त्याला कळेल, की कुत्र्याचं आठ दिवसांचं पिल्लू मारायला वानराला माळवदापर्यंत चढायची गरज नाही. एक चावा पुरतो. मग ते पिल्लाला छातीशी धरून वर का नेतं? तिथे नेऊन त्याच्या अंगातल्या गोचिडी का वेचतं? जीव घ्यायला निघालेला प्राणी असं वागत नाही. हे वागणं वेगळ्याच कुठल्या तरी गोष्टीसारखं दिसतं, आणि ती गोष्ट मी किनवटच्या जंगलात पाहिली होती. तिच्याकडे येतोच. या पुस्तकाचं मूळ त्या वर्गातल्या प्रश्नात आहे, एवढं आधी सांगून ठेवतो.

त्याआधी आपण कोणत्या प्राण्याबद्दल बोलतोय ते पक्कं करू. इंग्रजी बातमीत सगळेच 'मंकी' असतात. मराठीला तसं चालत नाही. आपल्याकडे वानर वेगळं, माकड वेगळं. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर. त्याचा मोठा नर तो हुप्प्या. लालसर तोंडाचं, ठेंगणं, गालात शेंगदाणे कोंबून पळणारं ते माकड. हा भेद खेड्यातलं शेंबडं पोरही जाणतं, आणि शास्त्रही तेच सांगतं. वानर मुळात पानं खाणारं आहे. त्याच्या जठराचे कप्पे असतात, गाईगुरांसारखं त्यात जिवाणूंच्या मदतीने पान आंबवलं जातं, म्हणून वड-पिंपळाच्या पाल्यावरही ते दिवस काढतं. माकडाला ती सोय नाही. त्याला फळ, दाणा, किडा लागतो आणि मिळेल तेव्हा पटकन भरून घ्यायला गालात पिशव्या असतात. एकाचं जगणं चघळण्याचं, दुसऱ्याचं झडप घालण्याचं. पुढे स्वभावात जे फरक दिसतात त्यातले कितीतरी या पोटापासून सुरू होतात.

आणि इथे नांदेडचं महत्त्व येतं. भारतातल्या माकडांच्या दोन मोठ्या जाती. उत्तरेचं ऱ्हीसस माकड: आखूड शेपूट, मागचा भाग तांबूस. दक्षिणेचं टोपीवालं माकड, म्हणजे बॉनेट: शेपूट लांब, आणि डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखा केसांचा भोवरा. या दोघांमधली जुनी सीमा अभ्यासकांनी पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी धरली आहे. वानरांचंही जवळपास तेच. उत्तरेकडचं वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याच्या दिशेने पुढे घेतं; दक्षिणेकडचं वानर शेपटी मागे वळवून तिचं टोक जमिनीकडे सोडतं. पुन्हा रेषा तीच, तापी आणि गोदावरी. मि. ल. रूनवाल यांनी शेपटीच्या या ढबीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा आणि सु. म. मोहनोत यांचा दक्षिण आशियातल्या वानरकुळावरचा ग्रंथ १९७७ साली हार्वर्डने छापला. नांदेडच्या नगिना घाटावर आपण जिच्यात हात-पाय धुतो ती नदी वानरकुळाच्या नकाशावरची इतकी मोठी रेघ आहे, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

ही रेघ आता हलते आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऋषी कुमार, सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांनी दाखवलं, की ऱ्हीसस माकड गोदावरी ओलांडून दक्षिणेत पसरतंय आणि टोपीवाल्या माकडाची जागा खातंय. टोपीवालं माकड भारताच्या द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेच नाही. आज ते संकटाच्या छायेतल्या प्राण्यांमध्ये मोजलं जातं. या सरकण्यात माणसाचा हात आहे: एका गावात माकडं डोईजड झाली की पकडायची, गाडीत घालायची आणि लांब कुठेतरी सोडून यायची. सोडणाऱ्याच्या गावाचा त्रास मिटतो, पण ती माकडं नदीच्या कोणत्या काठावर उतरली याचा विचार कुणी केलेला नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे. 'का?' हा शब्द फसवा आहे. १९६३ साली निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की प्राण्याच्या वागण्याबद्दल 'का' विचारताना आपण खरं तर चार वेगळे प्रश्न विचारत असतो. या क्षणी शरीरात असं काय झालं की ते असं वागलं? लहानपणापासून हे वागणं त्याच्यात कसं घडत गेलं? या वागण्याने त्याच्या जगण्याला आणि वंशाला काय लाभ होतो? आणि त्याच्या पूर्वजांमध्ये हे आलं कुठून? एका वानराने दुसऱ्याच्या पाठीतल्या उवा वेचल्या, तर 'त्याला बरं वाटतं म्हणून' हेही उत्तर खरं, 'आईला बघून शिकलं म्हणून' हेही खरं, 'कातडी साफ राहते आणि भांडणात पाठीशी उभं राहणारं कुणीतरी मिळतं म्हणून' हेही खरं. भांडण होतं ते एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नावर ठेवल्यामुळे. लवूळच्या बातमीत नेमकं हेच झालं. वानराच्या वागण्याचा उपयोग काय, हे शोधण्याऐवजी आपण त्याच्या मनात आपलाच राग घातला.

या पुस्तकाचा भर तिसऱ्या प्रश्नावर आहे, उपयोगाच्या. तो सगळ्यांत मोहक आणि म्हणूनच सगळ्यांत घसरडा. प्रत्येक वागण्याला उपयोग असतोच असं नाही. काही वागणं दुसऱ्या उपयोगी वागण्याच्या मागून फरफटत येतं.

आता किनवट. फेब्रुवारीचा शेवट होता, माहूरच्या रस्त्यावर पळस फुलले होते. सागाची पानं गळून जंगल उघडं पडलेलं, त्यामुळे टोळी लांबूनच दिसली. एका वाकड्या पळसावर सात-आठ माद्या फुलं तोडून खात बसल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या पोटाशी काहीतरी काळं चिकटलेलं होतं. वानराचं नवजात पिल्लू आईसारखं राखाडी नसतं. केस काळपट, आणि तोंड, कान, तळवे मात्र गुलाबी. भर टोळीत ते डोळ्यांत भरतं. मी घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटांत एक तरुण मादी सरकत आली, आईच्या पाठीवर दोन-चार वेळा बोटं फिरवली आणि हळूच पिल्लू ओढून घेतलं. आईने हूं की चूं केलं नाही. ती दुसऱ्या फांदीवर गेली आणि दोन्ही हातांनी फुलं ओरबाडू लागली. तासाभरात पिल्लू पाच जणींच्या हातून फिरलं. एक वयस्क मादी त्याला अगदी सराईतपणे पोटाशी धरून बसली. पण एक अर्धवट वयाची पोर होती, तिने त्याला उलटं धरलं, डोकं खाली, पाय वर. पिल्लू चिरकायला लागलं. तिने ते फांदीवर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा चुकीचं धरलं. शेवटी आई आली आणि काढून घेऊन गेली. त्या सगळ्या वेळात पिल्लू एकदाही पडलं नाही, कारण त्याची बोटं दिसेल त्या केसाला घट्ट धरत होती. वानराचं पिल्लू जन्मतःच धरणं जाणतं.

माझ्या वहीत त्या माद्यांसाठी मी 'मावशी' असं लिहिलं आहे, आणि पुस्तकातही तोच शब्द ठेवला आहे. तो बऱ्याच अंशी खराही आहे. वानरांत मुली माहेरीच राहतात आणि मुलगे घर सोडतात, त्यामुळे टोळीतल्या माद्या बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या असतात. मावश्यांनी पिल्लू घ्यायचं, यात आईला पोटभर खायला मोकळा वेळ मिळतो. ज्यांना अजून पिल्लू झालेलं नाही त्या पोरींचा हात बसतो. या दोन्ही उत्तरांना आधार आहे. पण त्यासाठी निसर्गाने वानराच्या मनात जी ओढ घातली ती फार ढोबळ आहे. लहान, केसाळ, चिरकणारं काही दिसलं की ते उचलावं, छातीशी धरावं, त्याचे केस विंचरावेत. टोळीत ही ओढ बहुतेक वेळा बरोबर पिल्लावरच जाते, कारण आजूबाजूला दुसरं तसं काही नसतंच. गावात असतं. लवूळसारख्या गावात हिवाळ्यात कुत्री व्यालेली असतात, आणि कोपऱ्याकोपऱ्यात लहान, केसाळ, चिरकणारी पिल्लं पडलेली असतात.

फरक एवढाच, की कुत्र्याच्या पिल्लाला धरता येत नाही. त्याच्या पंजात ती पकडच नाही. वानर उडी मारतं, पिल्लू निसटतं. किंवा वर पोचतं, पण तिथे त्याला पाजणारं कोणी नाही, आणि उपासाने मरतं. सुडाच्या गोष्टीपेक्षा हे मला जास्त दुःखद वाटतं. माया करायला उचललेलं पिल्लू मायेच्याच हातून मरतं. टोळीच्या आत ज्या ओढीने वंश टिकला, तीच टोळीबाहेर चुकीच्या जिवावर पडली. इथे उपयोग शोधायचा तर तो पळसावर सापडेल, माळवदावर सापडणार नाही.

वानरांच्या हातून पिल्लं मरण्याची दुसरी, फार जुनी आणि फार कडू हकिकतही आहे, आणि ती या पुस्तकात सगळ्यांत मोठ्या प्रकरणात आली आहे. तिची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारु सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळच्या जंगलात वानरांच्या मागे फिरत होते. एका टोळीवर बाहेरच्या नरांनी हल्ला केला, जुना हुप्प्या हाकलला गेला, एका नव्याने टोळी ताब्यात घेतली. आणि त्यानंतर टोळीतली पिल्लं एकेक करून मारली गेली. पुढे मोहनोतांना जोधपूरला तेच दिसलं. १९७१ पासून सारा ब्लॅफर हर्डी या हार्वर्डच्या तरुण विद्यार्थिनीने अबूच्या पहाडावर वानरांमागे हिंडून ठाव घेतला आणि १९७७ साली 'द लंगूर्स ऑफ अबू' हे पुस्तक लिहिलं.

हर्डींचं म्हणणं ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला चटकन कळेल. पिल्लू अंगावर पीत असताना मादी सहसा माजावर येत नाही. पिल्लू गेलं, पान्हा आटला, की ती लवकर माजावर येते. हुप्प्याची सत्ता फार टिकत नाही. अबू-जोधपूरकडे ती सरासरी दोन-सव्वादोन वर्षांच्या आसपास मोजली गेली. त्यातले सुमारे २०० दिवस नुसत्या गाभणपणात जातात. म्हणजे नव्या हुप्प्याने दुसऱ्याचं पिल्लू मोठं होण्याची वाट पाहिली, तर स्वतःची पिल्लं वाढवायला त्याच्या हातात काही उरत नाही. मारणाऱ्याचा वंश चालतो, थांबणाऱ्याचा चालत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच होत राहिलं तर मारण्याची ही खोड टिकून राहते. हुप्प्याला यातलं काही कळत असण्याची गरज नाही.

या म्हणण्याला कडाडून विरोध झाला. फिलिस डॉलिनाव यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर भारतात वानरांचा अभ्यास केला होता, आणि त्यांनी शांत टोळ्या पाहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं, अबू आणि जोधपूरची वानरं माणसाच्या खाऊवर वाढलेली, दाटीत राहणारी. ही विकृती आहे, यात उपयोग शोधू नका. वाद वीस वर्षं चालला. मग १९९९ साली नेपाळमधल्या रामनगरच्या जंगली वानरांच्या विष्ठेतून डीएनए काढून पाहिला गेला. तपासलेल्या एकाही प्रकरणात हल्लेखोर हा पिल्लाचा बाप निघाला नाही, आणि पुढे त्याच माद्यांना झालेल्या पिल्लांचा बाप तोच असल्याचं दिसलं. हर्डींचं म्हणणं बरंच पक्कं झालं.

पण हर्डींच्या कामातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग हुप्प्याचा नाही, माद्यांचा आहे. त्यांच्याआधी माद्यांच्या डावपेचांकडे फार कमी जणांनी पाहिलं होतं. अबूला म्हाताऱ्या माद्या, ज्यांना स्वतःला आता पिल्लू होणार नव्हतं, दुसरीचं पिल्लू वाचवायला हुप्प्याच्या अंगावर तुटून पडत होत्या. गाभण माद्या नव्या हुप्प्याशी संग करत होत्या. होणारं पिल्लू कुणाचं याचा घोळ झाला, तर ते वाचेल. ज्या माद्यांना आपण इतकी वर्षं हुप्प्याचा 'जनाना' म्हणत आलो, त्या स्वतःचा डाव स्वतः खेळत होत्या. मुलींच्या वर्गात हे सांगताना मी नेहमी थांबतो. वर्ग एकदम शांत झालेला असतो.

मराठवाड्यात वानराबद्दल बोलायचं आणि शेतकऱ्याबद्दल बोलायचं नाही, असं करता येणार नाही. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याहूनही कमी आहे. इथे वानर जंगलातून गावात येत नाही. ते गावातच राहतं. बांधावरची लिंब-बाभूळ, वेशीवरचा वड, देवळामागचा पिंपळ हेच त्याचं जंगल, आणि तूर, हरभरा, पेरूची बाग हे त्या जंगलाचं फळ. हरभऱ्याचे घाटे भरू लागले की माणसाला दिवसभर शेतात बसावं लागतं. हे नुकसान खरं आहे. ते 'मारुतीरायाचं देणं' म्हणून सोसणारी पिढी आता मागे पडते आहे, आणि नव्या पिढीने सोसावं असं मी म्हणणार नाही. तरी धाराशिवजवळच्या उपळा गावाचं नाव घ्यायलाच हवं. तिथल्या जमिनीच्या नोंदीत ३२ एकर जमीन वानरांच्या नावे आहे, हे २०२२ साली बाहेर सगळ्यांना कळलं. ती कुणी आणि कधी दिली हे गावालाही सांगता येत नाही. पूर्वी तिथे लग्नात आधी वानरांना वाढायची रीत होती. मला या नोंदीत भाबडेपणा दिसत नाही. आपल्या शिवारात आणखी एक बिऱ्हाड राहतं आणि त्याचा वाटा वेगळा काढायला हवा, असं कुणाला तरी वाटलं आणि त्याने ते कागदावर आणलं.

वानरकुळ आपल्याला किती बारकाईने पाहतं, याचंही एक उदाहरण पुस्तकात आहे. बंदीपूरच्या जंगलातली टोपीवाली माकडं रस्त्यावरच्या माणसाकडे खाऊ मागताना विशिष्ट आवाज काढतात, हात पुढे करतात आणि माणसाचं लक्ष आपल्याकडे आहे ना, हे पाहतात. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि सिन्हा यांनी २०१८ साली हे मांडलं. हात पसरणं ही जंगलातली गरज नाही. आपल्या हातातल्या केळ्याने ती खूण घडवली. माहूरच्या घाटात गाडीची काच खाली करून बिस्किटं टाकणाऱ्याने हे एकदा वाचावं. आपण पुण्य करतो आहोत असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो एका प्राण्याला रस्त्याच्या मधोमध बसायला शिकवत असतो.

पुस्तकात नऊ प्रकरणं आहेत. ती ओळीने वाचायची गरज नाही. उवा वेचण्याचं प्रकरण छोटं आहे, हाकाऱ्यांचं त्याहून छोटं. पिल्लांवर मात्र तीन प्रकरणं खर्ची पडली, आणि ती आणखी लांबली असती. जे मी स्वतः पाहिलं ते तारखेसह दिलं आहे, जे इतरांनी पाहिलं ते त्यांच्या नावावर. 'असं असावं' आणि 'असं आहे' यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मी तीनदा मजकूर तपासला.

शेवटी एक छोटी विनंती, खास करून नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरच्या वाचकांना. एक वही करा. रस्त्याच्या कडेला, वेशीवर, विष्णुपुरीकडे जाताना वानरांची टोळी दिसली की थांबा, काही खायला टाकू नका, आणि एखादं वानर जमिनीवरून चालत जाईपर्यंत वाट पाहा. मग तारीख, गाव आणि नदीचा कोणता काठ हे लिहा, आणि त्याच्या खाली लिहा: शेपटीची कमान पुढे डोक्याकडे होती, की टोक मागे जमिनीकडे लोंबत होतं.